ठणठणीत माणसाचा विमा

३ फेब्रुवारी, सोमवार

घर पसंत. तिसरा मजला, हॉल, आमची खोली आणि कोपऱ्यात मुलीसाठी वेगळी खोली. लिफ्ट नाही. म्हणजे मेंटेनन्स कमी. फायदाच.

जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबून बांधकाम तपासलं. भिंतीला हात लावून, नीट. बायको वर पोचली, परत खाली आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. म्हटलं, घर घेताना घाई करून चालत नाही. घर पाहावं बांधून म्हणतात. आपण तर बांधलेलं घेतोय, म्हणजे जास्तच पाहायला हवं. कपाळावर एवढा घाम कसला, म्हणाली. जिन्यात हवा खेळत नाही. एवढी एकच त्रुटी सापडली.

विकणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. अजूनही हजेरी घेतल्यासारख्या बघतात. बँकेचं पत्र मिळेपर्यंत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, त्या थांबणार. आमच्या घरमालकालाही आम्ही मार्चअखेरच निघायला हवे आहोत, कारण त्याचा मुलगा परत येतोय. सगळं कसं जुळून आलंय.

मुलगी आठवीत. झोपणं हॉलमधल्या घडीच्या कॉटवर, अभ्यास स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. तिला शब्द दिला, एप्रिलपासून स्वतःची खोली. दाराला आतून कडी असेल का, तिने विचारलं. असेल म्हटलं. मग बराच वेळ ती वहीत कसलातरी नकाशा काढत बसली होती.

संकल्प: आजपासून ही रोजनिशी रोज लिहायची. दगडावरची रेघ.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते.

बँकेच्या मॅडम कर्ज द्यायला तयार. फक्त कर्जाएवढा माझा आयुर्विमा हवा, असा त्यांच्या बँकेचा नियम. मी मध्येच गेलो तर हप्ते कोण भरणार, वगैरे. मी कुठे जाणार, म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत. पण नियम म्हणजे नियम. मी स्वतः लोकांना रस्त्याचे नियम शिकवतो, मला नियमांचा आदर आहे.

किरकोळ काम आहे. अठ्ठेचाळीस वर्षांत दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, पायरी चढला असतात तर कळलं तरी असतं. हिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, त्याचा हा परिणाम.

८ फेब्रुवारी, शनिवार

विमावाला आला. हा माझाच विद्यार्थी. लायसन्सच्या परीक्षेत चौथ्या प्रयत्नात पास झाला. त्याला अजून पार्किंग जमत नाही. गाडी फुटपाथवर अर्धी चढवून वर आला आणि वाकून नमस्कार केला. सर, तुमचं काम म्हणजे माझं काम, म्हणाला. आधी कंपनीचा फोन येईल, मग तपासणी, मग पॉलिसी. तोपर्यंत तब्येतीला जरा जपा, म्हणाला. याने मला जपा म्हणावं! मी याच्या शेजारी बसून चौक ओलांडलेत.

तरी संकल्प केले: १) चहात साखर बंद. २) रोज सकाळी मैदानाला पाच चकरा. ३) विद्यार्थ्यांवर ओरडायचं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

मैदानावर गेलो. मैदान लांब आहे म्हणून स्कूलच्या गाडीने. पार्किंगला जागाच मिळेना. तीन चकरा मारल्या, गाडीने. मग क्लासची वेळ झाली.

चहा बिनसाखरेचा. सोबत बिस्किटं घेतली, कारण नुसता पिववत नाही.

त्याच दिवशी, दुपारी

विमा कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड. कामाचं स्वरूप काय, म्हणाली. आता इतक्या वर्षांत हे कुणी मनापासून विचारलं नव्हतं, म्हणून मीही मनापासून सांगितलं. ड्रायव्हिंग स्कूलचा सर म्हणजे काय, तर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जीव आपला. माझ्या पायाशी फक्त एक जादा ब्रेक. त्या एका ब्रेकवर मी वीस वर्षं काढली. ती म्हणाली, म्हणजे अपघात होतात का? म्हटलं, छे, होता होता राहतात. रोज चार-पाच तरी. मी मृत्यूला रोज सकाळी इतक्या जवळून बघतो की आता आमची ओळख झाली आहे. ती लिहून घेत होती. टाइप केल्याचा आवाज येत होता.

मग घरच्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं. तिथे तर आमचा हात धरणारं कुणी नाही. माझे वडील आयुष्यात एक दिवस आजारी पडले नाहीत. एकावन्नाव्या वर्षी खुर्चीत बसून चहा पिता पिता गेले. कप हातात तसाच, सांडलासुद्धा नाही. काकाही तसेच, पन्नाशीत, बुटाची नाडी बांधता बांधता. अंथरुणाला खिळणं आमच्याकडे माहीतच नाही, म्हटलं. टाइप केल्याचा आवाज थांबला. इम्प्रेस झाली असावी. हा कॉल रेकॉर्ड होतोय, असं तिने पुन्हा एकदा सांगितलं. जरूर करा म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तपासणी. केंद्र भर बाजारात. वेगळी रजा कशाला काढायची म्हणून जज्जसाहेबांच्या क्लासच्या वेळेतच गेलो. त्यांनाच गाडी चालवू दिली. एका दगडात दोन पक्षी.

जज्जसाहेब म्हणजे निवृत्त न्यायाधीश. पासष्टीत गाडी शिकताहेत. माणूस सज्जन, पण निर्णय घ्यायला वेळ लावतात. सिग्नल हिरवा झाला तरी दोन्ही बाजूंचा विचार करत थांबतात. मागचे हॉर्न वाजवतात. मग एकदम निकाल दिल्यासारखे सुटतात. आज ते एकेरी रस्त्यात उलट्या बाजूने सुटले. समोरून बस. ब्रेक मी दाबला. बसवाल्याने जे काही म्हटलं ते साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बसवाल्याचं म्हणणं ग्राह्य आहे, असं मला सांगितलं.

तिथून थेट बीपीच्या खुर्चीत. कंपाउंडरने मोजलं, कपाळाला आठ्या घातल्या, परत मोजलं. मशीन बिघडलंय म्हटलं. त्याने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून दाखवला. त्याचं बरोबर आलं. अर्थात त्याला जज्जसाहेबांनी आणलं नव्हतं.

ईसीजी काढला. डॉक्टरांनी तो कागद उजेडात धरून पाहिला आणि ट्रेडमिल टेस्ट लिहून दिली. सगळ्यांनाच देत असतील.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ट्रेडमिल. हे लिहायचं की नाही याचा विचार केला. लिहितो. माझी चूक काही नाही.

छातीवर गोल गोल स्टिकर आणि वायरी लावून पट्ट्यावर उभं केलं. यंत्र चालवणारी ताई म्हणाली, काका, पट्टा हळूहळू जोरात होईल, तुम्ही फक्त चालत राहा. काका! सुरुवातीला उत्तम चाललं. मग पट्ट्याने वेग घेतला. पूर्वसूचना नाही, काही नाही. आता ज्याने वीस वर्षं एकच काम केलंय, त्याचा पाय काय करणार? माझा उजवा पाय गेला खाली आणि दाबून बसला. पट्टा मात्र थांबला नाही. मी मागच्या ट्रॉलीवर. कापसाचा डबा उपडा. मी क्लच, क्लच असं ओरडलो, असं ताईचं म्हणणं आहे.

दुसऱ्यांदा उभं केलं. ताई म्हणाली, ब्रेक नाहीये काका इथे, मनातून काढून टाका. काढलं. थोडा वेळ टिकलो. मग छाती आवळल्यासारखी झाली आणि डाव्या खांद्यात काहीतरी भरून आलं. स्टिकर फार घट्ट चिकटवतात हे लोक. ताईने पट्टा बंद केला आणि डॉक्टरांना हाक मारली. मला आडवं केलं. जिभेखाली एक गोळी ठेवली. बरं वाटलं. तेव्हा पुन्हा एकदा चढतो म्हटलं, तर डॉक्टर नको म्हणाले. लगेच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, घरच्या कुणाला तरी घेऊन जा, असंही म्हणाले.

घरच्यांना कशाला त्रास. टेस्ट छान झाली, असं बायकोला सांगितलं. मार लागलेल्या गुडघ्याबद्दल, गाडीच्या दारात आपटला म्हणून सांगितलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पडद्यांची मापं घ्यायला नव्या घरी गेलो. तिन्ही मजल्यांचं बांधकाम पुन्हा तपासलं. मुलगी पुढे पळत वर गेली, तिच्या खोलीत मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने आपलंच नाव घेऊन आवाज घुमतो का बघत होती. निळा रंग हवाय. देऊ म्हटलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

विमावाल्याचा फोन. सर, नाही म्हणाले.

मी म्हटलं, कोण नाही म्हणालं? तो म्हणाला, कंपनी. म्हटलं, कशाला? तो म्हणाला, सगळ्यालाच. मग अडखळत अडखळत वाचून दाखवलं: सध्याच्या वैद्यकीय माहितीच्या आधारे आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही. चार वेळा वाचायला लावलं. 'सध्याच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. सध्याच्या. म्हणजे दारं बंद नाहीत.

दुपारचा क्लास रद्द केला. गाडीत बसून राहिलो, शिकणाऱ्याच्या सीटवर. खूप दिवसांनी तिथे बसलो.

घरी अळीमिळी गुपचिळी. बायकोने विम्याचं विचारलं तर प्रोसेस चालू आहे म्हटलं. खोटं नाही. प्रोसेस माझ्या डोक्यात चालूच आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्लॅन तयार. दुसरी कंपनी. आठ दिवसांत तब्येत टॉपला न्यायची. चालणं, साखर बंद (बिस्किटंही), ओरडणं बंद. फोनवर वडिलांचा विषय काढायचा नाही. मृत्यूशी ओळख असल्याचंही बोलायचं नाही. कामाचं स्वरूप विचारलं तर 'शिक्षण क्षेत्र'.

विमावाल्याला कळवलं. तो म्हणाला, सर, दुसरी कंपनी पहिलाच प्रश्न विचारेल, आधी कुणी नाकारलंय का. नाही म्हणून सांगू म्हटलं. तो म्हणाला, सर, तुम्हीच शिकवलं होतंत, आरशात न बघता लेन बदलायची नाही. माझीच काठी माझ्याच डोक्यात.

३ मार्च, सोमवार

मैदानाला चालत दीड चकरा. बाकावर बसलो. निसर्ग पाहिला.

जज्जसाहेबांना बीपीची गोळी चालू आहे, ते डबी खिशात ठेवतात. सहज म्हटलं, साहेब, नव्या तपासणीपुरती एखादी गोळी मिळाली तर. आणि ओघात सगळं सांगून टाकलं. साहेबांनी इंडिकेटर दिला, आरसा पाहिला आणि गाडी अलगद कडेला लावली. शिकायला लागल्यापासून पहिल्यांदाच इतकी सुरेख. मग म्हणाले, अहो, तुमचा निकाल लागलाय. तुम्ही अजून पुढची तारीख मागताय. घरी सांगितलंत का? नाही म्हटलं. गोळी दिली नाही.

लोक गाडी शिकतात, पण कुणाशी काय बोलावं हे कुठल्या स्कूलमध्ये शिकवत नाहीत. दिवसभर चिडचिड झाली. एका मुलावर ओरडलो. तो रडला. संध्याकाळी तो परत गाडीत बसला असेल, पण शेजारी मी नव्हतो, मी ऑफिसातल्या बाकावर पडून होतो. छातीत वात धरला होता.

६ मार्च, गुरुवार

विमावाल्याची नजर अधू आहे, हे त्याला शिकवतानाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्याला चष्मा करायचा होता. गावभर चष्म्याची दुकानं. हा पठ्ठ्या गेला बायकोच्या काउंटरला. ती त्याला अक्षरं वाचायला लावत होती आणि तो वाचता वाचता म्हणाला, वहिनी, सरांचं ऐकून फार वाईट वाटलं.

ती घरी आली. मी तयारीत होतो. ओरडली तर काय बोलायचं, रडली तर काय, माहेरी निघाली तर काय, सगळं ठरवून ठेवलं होतं. तिने हातपाय धुतले. स्वयंपाक केला, वाढलं, मुलीचं गणित घेतलं. मग माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, उद्या नऊला डॉक्टरांकडे जायचंय. मी म्हटलं, उद्या दोन क्लास आहेत. ती म्हणाली, होते.

आईने तुमच्या स्कूलच्या मालकांना फोन केलाय, असं नंतर मुलीने सांगितलं.

७ मार्च, शुक्रवार

हृदयाचे डॉक्टर माझ्यापेक्षा लहान. सगळे कागद पाहिले, लगेच अँजिओग्राफी केली आणि बोलायला लागले ते बायकोशी. जणू मी गॅरेजमध्ये आणलेली गाडी आणि ती मालकीण. तीन ठिकाणी रस्ता अरुंद झालाय, एका ठिकाणी फारच, म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, ट्रेडमिलवर जरा ब्रेकचा प्रॉब्लेम झाला होता. ते म्हणाले, ट्रेडमिलमुळे तुम्ही वाचलात. वडिलांबद्दल विचारलं. मी काही बोलायच्या आत बायकोने सांगितलं. चहाच्या कपासकट. तिने सांगितलं तेव्हा ते तितकंसं छान वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. तोवर जिने नकोत. गाडीत शिकवणं नको, पुढचं नंतर बघू.

विमा कधी मिळेल, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते मला विचारू नका.

१९ मार्च, बुधवार

ऑपरेशन झालं. त्याबद्दल लिहीत नाही. मी भूल चढेपर्यंत डॉक्टरांना सूचना देत होतो असं म्हणतात.

जज्जसाहेब भेटायला आले. स्वतः गाडी चालवत. त्यांना लायसन्स मिळालं. पहिल्या फटक्यात. मी नसताना.

२२ मार्च, शनिवार

बायकोने परस्पर सगळं ठरवलंय. कर्ज तिच्या नावावर, विमा तिचा. तिचा पगार कमी, म्हणून कर्ज कमी, म्हणून तिसऱ्या मजल्यावरचं घर गेलं. मी म्हटलं, थोडं थांब, मी सहा महिन्यांत फिट होतो, सध्याच्या म्हणालेत ते. ती म्हणाली, मार्च संपतोय.

त्या निवृत्त बाईंना तिने सगळं खरं सांगितलं. बाईंनी रागावण्याऐवजी आपल्याच इमारतीतली तळमजल्याची मागची जागा सुचवली. हॉल आणि एकच खोली. ती खोली मुलीला द्यायची, आपण दोघं हॉलमध्ये, असं बायकोचं म्हणणं. उजेड कमी आहे, म्हटलं. जिना नाही, ती म्हणाली.

स्कूलच्या मालकांनी मला बरं झाल्यावर ऑफिसात बसून थिअरी घ्यायला सांगितलंय. रस्त्यावरच्या खुणा, तक्त्यावर काठी ठेवून. पुढे वळण आहे. पुढे शाळा आहे. वेग कमी करा. पोरं जांभया देणार.

२४ मार्च, सोमवार

बायकोची तपासणी. मी सोबत गेलो, धीर द्यायला. तीच ताई. मला ओळखून हसली. बायको पट्ट्यावर चढली आणि भाजी आणायला निघाल्यासारखी चालत राहिली. पट्टा थकला. बीपी असं की कंपाउंडरने मला बोलावून दाखवलं.

मग विमावाला फॉर्म घेऊन बसला. नवा चष्मा लावून. वहिनी, नॉमिनी कोण, म्हणाला. म्हणजे तुम्हाला काही झालं तर पैसे कुणाला द्यायचे. मी शर्ट नीट केला आणि सरसावून बसलो. बायकोने मुलीचं नाव सांगितलं. विमावाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, मुलगी अठराच्या आतली, तेव्हा तिच्या वतीने पैसे सांभाळायला एक मोठं माणूस लिहावं लागतं. म्हटलं, चला, ठीक आहे, मुलगी पुढे आणि बाप पाठीशी. नावाचं स्पेलिंगही सांगायला लागलो. बायको म्हणाली, माझ्या धाकट्या बहिणीचं लिहा.

विमावाल्याने पेन दोनदा झटकलं. पेन चालू होतं.

येताना रिक्षात मी सहज विचारलं. रागाने नाही, सहज. माझं का नाही? ती बाहेर बघत होती. म्हणाली, नॉमिनी म्हणजे माझ्यामागे जो राहील तो. दोन दिवस विचार करत होते. तुमचंच नाव सांगायचं ठरवून आले होते. तोंडातून निघेना.

या दोन महिन्यांत बँकेने अट घातली, कंपनी नाही म्हणाली, डॉक्टरांनी तर छाती उघडून पाहिली. मला काही वाटलं नव्हतं. आज रिक्षात वाटलं. मला भीती वाटली. हे इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कुणी नाही.

२८ मार्च, शुक्रवार

बायकोचा विमा मंजूर. बँकेचं पत्रही आलं. सोमवारी किल्ली.

विमावाल्याचा मेसेज आला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घरात जरा आनंदाचं वातावरण असावं म्हणून मी म्हटलं, बघ, एवढी मोठी कंपनी, सगळं तपासून त्यांनी लिहून दिलंय. तुला काही होत नाही. तू खूप जगणार आहेस.

ती म्हणाली, तेच तर. आणि माझाच शर्ट तोंडाशी धरून रडायला लागली.

मी तिच्याजवळ बसलो आणि उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या.